स्टेटसवरच्या ओव्या आणि मागे राहिलेला प्रश्न

२७ फेब्रुवारी आला की मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्या चार-पाच ओव्या आपल्या स्टेटसवर झळकतात. खाली नाव असतं फादर स्टीफन्स यांचं. एका इंग्रज माणसाला आपली भाषा इतकी आवडली याने आपण सुखावतो आणि पुढे सरकतो. ‘क्रिस्तपुराणा’च्या सुमारे अकरा हजार ओव्यांपैकी आपण वाचतो त्या एवढ्याच.

थॉमस स्टीफन्स हा जेझुइट मिशनरी १५७९ साली गोव्यात आला आणि मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, तिकडेच राहिला. त्याचं पुराण १६१६ साली राशोलला छापलं गेलं. भाषा मराठी, तीत कोकणी मिसळलेली, आणि लिपी रोमन. पहिल्या भागात जुन्या करारातल्या कथा आहेत, दुसऱ्यात येशूचं चरित्र.

स्टेटसवर कधीच न येणारा एक प्रसंग या पुराणाच्या सुरुवातीलाच आहे. बाप्तिस्मा घेतलेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो: आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी तशीच दुसरी का देत नाही?

हा प्रश्न कुठे विचारला जातोय ते बघा. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन होतं. १५६७ मध्ये सासष्टीतली देवळं पाडली गेली होती. ज्यांचा देव बदलला त्यांच्या संध्याकाळी मात्र रिकाम्या झाल्या होत्या. ऐकायला कथा नव्हती, म्हणायला ओवी नव्हती. ‘क्रिस्तपुराण’ ही रिकामी जागा भरायला लिहिलं गेलं. ती रिकामी करणाऱ्या सत्तेच्या आश्रयानेच लिहिलं गेलं, हेही तितकंच खरं.

म्हणून हे पुस्तक वाचताना मन दुभंगतं. स्टीफन्स पुराणिकासारखा नमनाने सुरुवात करतो. त्याच्या स्वर्गाचं नाव वैकुंठ आहे. ज्यांच्या देवांना तो खोटं ठरवतो, त्यांच्याच कवींकडून तो ओवी शिकलाय. वाद घालायला लागला की त्याच्यातला कवी मागे पडतो आणि प्रचारक बोलू लागतो. कथा सांगायला लागला की ओवी त्याच्या हातात सहज चालते. ‘भाषाप्रेमी परदेशी’ म्हणून त्याला डोक्यावर घेणं किंवा ‘धर्मांतराचं हत्यार’ म्हणून पुस्तक मिटून टाकणं, दोन्ही सोपं आहे. दोन्हीत ओव्या न वाचताच निकाल लागतो.

ख्रिस्ती धर्म जगभर पसरला तो जहाजांतून आणि फर्मानांतून, तसाच भाषांतरांतूनही. पण भाषांतर एकाच बाजूला बदलत नाही. ओवीत आलेला येशू सासष्टीतल्या माणसांना ओळखीचा वाटावा, इतका इथला झाला. आणि राज्यकर्त्यांना इथली भाषाच नकोशी झाली: १६८४ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. स्टीफन्सने ज्या भाषेत धर्म रुजवला, त्याच धर्माच्या राज्याने तिच्यावर बंदी घातली.

पुढच्या फेब्रुवारीत त्या ओव्या जरूर फॉरवर्ड करा. फक्त त्याआधी त्या ब्राह्मणाचा प्रश्न एकदा शोधून वाचा. मराठीचं ते कौतुक त्याच पुस्तकात, त्या प्रश्नाच्या शेजारी उभं आहे.