सूत्र आणि कुलूप

जऊळक्याला माझ्या लहानपणी शाळेचे ग्रंथालय म्हणजे एक कुलूपबंद कपाट. काचेतून दिसणारी नावे वाचूनच आम्ही तहान भागवीत असू. पुढे रंगनाथनांचा १९३१ सालचा पाच सूत्रांचा ग्रंथ हाती आला. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हे पहिले सूत्र आपल्याकडे समारंभांतून हटकून ऐकू येते. त्याखालचे विवेचन मात्र कोण वाचतो? ग्रंथालयाची जागा, उघडण्याची वेळ, बैठक आणि ग्रंथपाल नीट नसतील तर वापर घडत नाही, हे एके काळचा हा गणिताचा अध्यापक तेथे पायरीपायरीने दाखवितो. शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांवर तर त्यांनी १९४२ साली निराळे पुस्तक लिहिले. सूत्रांचा आटोपशीरपणा हा या ग्रंथाचा गुण. माझ्या मते तोच त्याला बाधला. पाठांतर सोपे झाले आणि किल्लीची चौकशी राहून गेली.