मागणीनुसार श्रवण आणि मराठी इंटरनेट रेडिओ

इंटरनेट रेडिओ या नावाखाली दोन भिन्न व्यवहार एकत्र येतात. त्यांपैकी पहिला थेट प्रवाहाचा असून त्यात केंद्रावरून त्या क्षणी जे प्रसारित होते तेच इंटरनेटवर ऐकू येते. दुसरा मागणीनुसार श्रवणाचा असून त्यात कार्यक्रम साठवून ठेवलेला असतो आणि तो केव्हा सुरू करावा, कोठे थांबवावा, हे श्रोता ठरवतो. प्रसारभारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’ या अ‍ॅपमुळे आकाशवाणीची मराठी केंद्रे मध्यम लहरींच्या पल्ल्यापलीकडे, अगदी परदेशातही पोहोचली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झालेल्या प्रसारभारतीच्याच ‘वेव्हज’ या ओटीटी मंचानेही अशीच सोय पुरवली. तथापि यात पल्ला वाढला, कार्यक्रमाची घडण मात्र ठरावीक वेळेला रेडिओजवळ बसणाऱ्या श्रोत्याला धरूनच राहिली.

तो श्रोता आता कसा जगतो, हे मुंबईपासून सुमारे ८६ किलोमीटरवरच्या आसनगावसारख्या स्थानकावर स्पष्ट दिसते. शहापूर तालुक्यातील नोकरदाराचा दिवस कसारा मार्गावरील लोकलच्या वेळापत्रकाने बांधलेला असतो, आणि रेल्वे नसलेल्या मुरबाडकडच्या प्रवाशाला आधी रस्त्याने कल्याण गाठावे लागते. त्यामुळे कार्यक्रमाची वेळ आणि श्रोत्याच्या मोकळ्या कानांची वेळ यांचा मेळ बसणे हा योगायोगच ठरतो. शिवाय थेट प्रवाहात बफर, म्हणजे पुढील काही सेकंदांचा आगाऊ साठवलेला आवाज, संपताच श्रवण तुटते, तर आधीच उतरवून घेतलेल्या भागाला वाटेतील नेटवर्कशी कर्तव्य नसते. सेकंदाला ६४ किलोबिट या वेगाने तासाभराचा आवाज सुमारे २९ मेगाबाइटमध्ये मावतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाल्यानंतर हा भार सामान्य फोनला जड राहिला नाही.

गाण्यांच्या बाबतीत अडथळा तंत्राचा नसून कायद्याचा आहे. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ३१-ड हे कलम प्रसारकाला वैधानिक परवाना देते, म्हणजे मालकाची स्वतंत्र संमती न घेता ठरवून दिलेल्या दराने मोबदला भरून गाणे वाजवण्याची मुभा देते. ही मुभा इंटरनेटवरील सेवांना लागू नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात २०१९ मध्ये दिला आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम ठेवला. परिणामी गाण्यांवर उभ्या राहणाऱ्या छोट्या इंटरनेट केंद्राला प्रत्येक मालकाशी स्वतंत्र करार करणे भाग पडते, आणि ज्याच्याकडे भांडवल नाही त्याला बोलण्याकडे वळावे लागते.

हे वळण मराठीला लाभाचे ठरू शकले असते, कारण बोललेल्या शब्दाची घडण मराठी रेडिओने पूर्वीच कसोशीने केली होती. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही तीनच माणसे केवळ आवाजावर घर उभे करीत, आणि आटोपशीर, सुटा ऐकला तरी कळणारा असा तो साचा मागणीनुसार श्रवणाला आजही शोभणारा आहे. प्रत्यक्षात मराठी पॉडकास्टची, म्हणजे मालिकेने प्रसिद्ध होणाऱ्या श्राव्य भागांची, मोठी शाखा कॅमेऱ्यासमोरच्या दीर्घ गप्पांकडे गेली. तेथे डेटा अधिक खर्च होतो, संपादन कमी होते, आणि ‘हे बघा’ म्हणून दाखवलेली वस्तू फोन खिशात ठेवून ऐकणाऱ्याला कधीच दिसत नाही. २०१७ मध्ये भारतात आलेल्या ‘स्टोरीटेल’ने अभिवाचनाला व्यावसायिक आधार दिला, ही जमेची बाजू खरी, परंतु श्रुतिका, म्हणजे केवळ कानांसाठी रचलेले नाट्य, अद्याप उपेक्षितच आहे.

जुन्या ध्वनिसंग्रहाची स्थिती याहून बोलकी आहे. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक या क्रमाने प्रसारित झालेले ‘गीतरामायण’ माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर आदी अनेक गायकांच्या कंठांतून साकारले होते. मागणी करताच आज सहज हाती येते ते मात्र मुख्यतः सुधीर फडके यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रिकांचे रूप. अर्थात जे बाजारात नीट नोंदले गेले तेच शोधात सापडते. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळाने गीतकार, संगीतकार, गायक, राग आणि गीतप्रकार यांनुसार हजारो गीतांची सूची बांधली. वेळापत्रकाच्या जागी सूची येते, म्हणजे काय, हे त्या एका उद्योगाने संस्थात्मक रेडिओपेक्षा अधिक नेमके ओळखले, असे म्हणण्यास हरकत नाही.

सूचीत नोंदवताना बातमीपत्रासाठी दिनांक पुरेसा असतो, परंतु इतर कार्यक्रमांना तो पुरत नाही. शहापूर-मुरबाडच्या भातशेतकऱ्यासाठी ध्वनिमुद्रित केलेली करपा रोगावरील मुलाखत पुढील खरिपातही उपयोगी पडते, उलट त्याच कार्यक्रमातील हवामानाचा अंदाज दुसऱ्या दिवशी निरुपयोगी होतो. दोन्ही गोष्टी एका सलग फाइलीत केवळ दिनांकाखाली ठेवल्या, तर ती मुलाखत शेतकऱ्याच्या शोधात येणार नाही. ती वेगळी काढून पीक, रोग आणि हंगाम यांनुसार नोंदवणे हे काम प्रक्षेपण अभियंत्याचे नव्हे, तर ग्रंथपालाचे आहे, आणि मराठी केंद्रांच्या रचनेत त्या पदाला निवेदकाइतके महत्त्व अद्याप मिळालेले नाही.