वजाबाकीतून दिसलेल्या पाच जागा

व्हॅसिली बेलोकुरोव्ह आणि सहकाऱ्यांचा 2007 साली 'अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल'मध्ये आलेला एक शोधनिबंध मी अजूनही अधूनमधून काढून बसतो. शीर्षक मिश्कील आहे: मांजरं आणि कुत्री, केस आणि एक वीर. सिंह, श्यामशबल, अरुंधतीकेश आणि शौरी या तारकासमूहांच्या दिशेला आपल्या आकाशगंगेचे पाच नवे सोबती, म्हणजे तिच्याभोवतीचे ताऱ्यांचे छोटे समूह, सापडले, त्यांची ही गमतीदार यादी. पाचवा सिंहेतच, पण त्याच्या वाट्याला ज्या सर्वेक्षणात तो सापडला त्याचंच रुक्ष नाव आलं: सेग्यू 1. मजकुरात यापुढं फारशी गंमत नाही. खरी मेजवानी आकृत्यांत आहे.

सुरुवातीला आकाशाचा फोटो. न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंटच्या अडीच मीटर दुर्बिणीचा. त्यात काहीही नाही! म्हणजे तारे आहेत, दूरच्या दीर्घिकांचे ठिपके आहेत, पण बोट ठेवून 'हा बघा' म्हणावं असं काही नाही. कसं असेल? हे सोबती काळ्याकुट्ट रात्रीच्या आकाशाच्या स्वतःच्या उजेडापेक्षाही सुमारे अडीचशे पट मंद. जे दिसत नाही त्याचा फोटो आधी छापायचा, हा या मंडळींचा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

मग येतो रंग आणि तेज यांचा आलेख. निळे तारे डावीकडे, तांबडे उजवीकडे; तेजस्वी वर, मंद खाली. वाटेतले तारे वेगवेगळ्या अंतरांवरचे, म्हणून ते कसेही विखुरतात. पण एकाच अंतरावरचे, एकाच जुन्या पिढीचे तारे असले की ते एका वाकड्या रेषेवर येतात: खालून तिरपं वर चढायचं, एका जागी वळायचं, मग उजवीकडे कलत राक्षसी ताऱ्यांपर्यंत जायचं. लेखकांनी शेजारच्याच आकाशाचा तसाच आलेख काढला आणि तो यातून वजा केला. गर्दी गेली, रेषा उरली. तिच्यावर त्यांनी एम 92 या जुन्या, धातू अगदी कमी असलेल्या गोलाकार तारकागुच्छाची रेषा ठेवली. ती जुळेपर्यंत वरखाली सरकवायची; जितकी सरकली त्यावरून अंतर निघतं. सेग्यू 1 सुमारे 75 हजार प्रकाशवर्षांवर, तर सिंहेतला दुसरा सोबती पाच लाखांच्याही पलीकडे. इतकी मोठी अंतरं इतक्या साध्या हालचालीतून हाती येतात, हे कितीही वेळा पाहिलं तरी मला नवंच वाटतं. शौरीतल्या सोबत्याचा लांबट आकारही पाहण्यासारखा आहे. बाकीच्या तक्त्यावरून नजर फिरवली तरी चालेल.

सेग्यू 1 पाशी मात्र थांबावं. त्याच्या आलेखात रेषेचा खालचा भाग ठीक उमटलाय, वरचे राक्षसी तारे जवळजवळ नाहीतच. इतक्या थोड्या ताऱ्यांना दीर्घिका कोण म्हणेल? लेखकांनी त्याला नेहमीपेक्षा पसरट गोलाकार गुच्छ म्हटलं. शिवाय सुमारे 40 ते 100 पार्सेक त्रिज्येचे सोबती फारसे सापडत नाहीत, असं त्यांच्या ध्यानात आलं. गुच्छ आणि बटू दीर्घिका यांच्यातली सीमा कदाचित हीच असेल, एवढंच ते सुचवतात. ठासून काही सांगत नाहीत. माझ्या मते संपूर्ण निबंधातलं हे सर्वांत जिवंत वाक्य.

दोनच वर्षांत मार्ला गेहा आणि सहकाऱ्यांनी हवाईतल्या केक दुर्बिणीनं सेग्यू 1 मधल्या 24 ताऱ्यांचे वेग मोजले. सगळे सेकंदाला 206 किलोमीटरच्या आसपास, पण त्यांच्यातली तफावत चारेक किलोमीटरची. दिसणाऱ्या ताऱ्यांचंच गुरुत्वाकर्षण असतं तर ती एक किलोमीटरही भरली नसती. एकूण उजेड जेमतेम 340 सूर्यांचा, वस्तुमान मात्र त्या उजेडाच्या मानानं हजार पटींहून जास्त. म्हणजे न दिसणारा कृष्णपदार्थ; आणि तो गुच्छांत नव्हे, दीर्घिकांत असतो, म्हणजे ही दीर्घिका. त्या गटानं तिला सर्वांत कमी तेजाची दीर्घिका ठरवलं. आता आकारावरून नाही, वेगावरून निवाडा होऊ लागला. तरीही पहिला निबंध फिका पडत नाही, कारण फोटोतून जेवढं कळू शकतं तेवढं त्यानं काढलं आणि जिथं पुरावा संपला तिथं आवाज खाली आणला.

वेगावरचा निवाडाही पक्का नसतो, हे पुढं कळलं. 2024 मध्ये सप्तर्षींच्या दिशेच्या एका सोबत्याचा अभ्यास छापून आला. सगळे मिळून साठेक तारे, त्यांचं एकूण वस्तुमान सुमारे 16 सूर्यांएवढं. अकरा ताऱ्यांचे वेग घेतले तेव्हा तफावत 3.7 किलोमीटर आली. त्यातला एक तारा वगळला की ती निम्म्यावर येते, आणखी एक वगळला की मोजताच येत नाही. शोधणाऱ्यांनी त्याला दोन नावं देऊन ठेवली आहेत: दीर्घिकेच्या रिवाजाचं उर्सा मेजर 3 आणि गुच्छाच्या रिवाजाचं युनियन्स 1.