हिरॉडोटसमधील राज्यव्यवस्थांचा वाद : वर्गीकरण की कथन?

ग्रीक राज्यविचाराचे इतिहासकार ॲरिस्टॉटलच्या सहा राज्यप्रकारांपासून मागे जात हिरॉडोटसच्या तिसऱ्या खंडातील (८०-८३) संवादाशी पोहोचतात. एकाची, थोड्यांची व अनेकांची सत्ता हे त्रिविध वर्गीकरण तेथे सविस्तर आढळते, म्हणून संवादाला पूर्वपीठिकेचे स्थान मिळते. या वाचनात वर्गीकरण हाती लागते, कथन निसटते.

प्रसंग इ. स. पू. ५२२ चा. सिंहासन बळकावणाऱ्या मागीला ठार केल्यावर पर्शियन सरदार पुढील व्यवस्थेची चर्चा करतात. ओटानीझ अनेकांच्या सत्तेची बाजू घेतो : अधिकारपदे चिठ्ठ्या टाकून द्यावीत, अधिकारी उत्तरदायी असावा, निर्णय सर्वांपुढे व्हावेत. मेगाबायझस निवडक श्रेष्ठांचा, तर डरायस एका श्रेष्ठ पुरुषाचा पुरस्कार करतो. पर्शियनांच्या तोंडी ग्रीक विचार घातला, हा आक्षेप जुनाच आहे. काही ग्रीकांचा यावर विश्वास नाही असे हिरॉडोटसच नोंदवतो, आणि भाषणे झालीच असा आग्रहही धरतो.

ओटानीझ आपल्या व्यवस्थेला ‘डेमोक्रातिया’ नव्हे, ‘इसोनोमिया’ म्हणतो. पहिल्या शब्दात ‘क्रातोस’, म्हणजे वर्चस्व आहे. दुसऱ्यात कायद्यापुढील समानता. मराठीत दोन्हींना ‘लोकशाही’ म्हटले की विपरीत घडते. ‘शाही’ फारसी ‘शाह’वरून आलेला, म्हणजे राजपदाला विरोध करणाऱ्याच्या शब्दातच राजा येऊन बसतो. (‘समन्याय’ कृत्रिम वाटेल, पण अर्थाला जवळचा आहे.) पुढे सहाव्या खंडात (४३) ओटानीझच्या मताचा उल्लेख करताना निवेदक स्वतः ‘डेमोक्रातिया’शी संबद्ध क्रियापद वापरतो. पात्र आणि निवेदक यांच्या शब्दांतील हे अंतर भाषांतराने राखायलाच हवे.

उरलेले चौघे सरदार डरायसचे मत स्वीकारतात. मग तो श्रेष्ठ पुरुष ठरवायचा कसा? सूर्योदयी ज्याचा घोडा प्रथम खिंकाळेल तो राजा! डरायसचा मोतद्दार एका घोडीच्या साहाय्याने तो कौलही आधीच बांधून ठेवतो. गुणवत्तेचा युक्तिवाद जिंकतो खरा, पण निवडीत गुणवत्तेला कुणी विचारत नाही. ओटानीझची चिठ्ठी निदान प्रामाणिक होती. राज्यकर्त्यांची संख्या आणि त्यांचे हेतू यांवर उभ्या असलेल्या ॲरिस्टॉटलच्या वर्गीकरणात हा उपरोध मावत नाही.

ओटानीझ स्पर्धेतून आधीच बाहेर पडलेला असतो. त्याला राज्य करायचे नसते, कुणाच्या सत्तेखाली राहायचेही नसते. पर्शियन कायदे न मोडता त्याचे घराणे आपल्या काळातही स्वतंत्र आहे, असे हिरॉडोटस सांगतो.