अडुसष्ट लिंगांची वाट

सोलापूरला क्षेत्र म्हणून सहसा कुणी येत नाही. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर या वाटांवर इथे एसटी बदलायची, चादर नि शेंगाचटणी घ्यायची आणि पुढे निघायचे. हे शहरच बाराव्या शतकातल्या एका माणसाने क्षेत्र म्हणून रचले होते, याचा स्टँडवर पत्ता लागत नाही. तो पायीच लागतो, आणि तोही सोबतीला वाट जाणणारा कुणी असला तर. माझ्या सोबतीला शेजारचे काका होते. तरुणपणी त्यांनी इथल्या संक्रांतीच्या यात्रेत बाराबंदी घालून नंदीध्वज पेललेला. आता गुडघे कुरकुरतात, पण गल्ली चुकत नाही.

रचनाकार सिद्धरामेश्वर, गावाचे तेव्हाचे नाव सोन्नलगी. बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांचा हा समकालीन. गुरे राखणाऱ्या या पोराला शेतात श्रीशैलचा शिव मल्लय्या जंगमाच्या रूपात भेटला, दहीभात मागितला, पोर घरून तो घेऊन येईतो दिसेनासा झाला आणि पोर त्याच्या शोधात थेट श्रीशैलला पोचले, ही कथा सोलापुरात कुणीही सांगेल. राघवांकाने कन्नडमध्ये ‘सिद्धरामचरित्र’ लिहिले ते याच माणसावर. मला मात्र या कथेतला परतीचा भाग अधिक मोलाचा वाटतो. श्रीशैल सापडले तरी तो तिथे राहिला नाही. गावी आला, शिष्यांना घेऊन तळे खोदले आणि पंचक्रोशीत 68 शिवलिंगे स्थापन केली. परंपरेत तीर्थे अडुसष्ट मोजतात. देशभर विखुरलेली ती तीर्थे त्याने, ज्याला श्रीशैल परवडत नाही त्याच्याही आवाक्यात, एका दिवसाच्या चालीत आणून बसवली. काशीच्या पंचक्रोशीची 108 स्थाने घेत यात्रेकरू क्षेत्राला वळसा घालतो. इथे वळसा घालणाऱ्या वाटेवरच पुढे गाव वाढत गेले आणि वाट गावाच्या पोटात आली.

म्हणून ही वाट चालताना देऊळ शोधत गेलो तर फसगत होते. काही लिंगांवर शिखर आहे, फरशी आहे, देणगीदारांची पाटी आहे. काही भिंतीच्या आडोशाला नुसतीच बसली आहेत. मी मान वर करून कळस शोधत होतो तेव्हा काका म्हणाले, “वर काय बघतो बे, पायाशी बघ की.”

या रचनेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तिला चढण नाही. पहिल्या लिंगाला जो मान तोच अडुसष्टाव्याला. शेवटी काही मोठे दर्शन ठेवलेले नाही. त्यामुळे सगळा रस दोन लिंगांमधल्या अंतरात उतरतो. बाळीवेशीतली कन्नड, पूर्व भागात मागांच्या आवाजातली तेलुगू, मध्येच दखनी, आणि या सगळ्यांना पुरून उरलेली ‘काय की’वाली मराठी. तळ्याकाठी बहमनी काळातला भुईकोट आहे, आणि त्याच्या आत जुन्या मल्लिकार्जुन मंदिराचे अवशेष. स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी काकांनी लिंगासमोर काढतात तशी चप्पल काढली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. तारीख यात्रेच्या अगदी तोंडावरची.

संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्डायात्रेत हीच वाट जिवंत होते. हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात. त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत, मातंग समाजाकडेही. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, तिसऱ्या दिवशी होम. क्रम नीट पाहा: आधी तेल, मग अक्षता. साऱ्या गावाचे हे लग्नघर आहे. वर सिद्धराम; तो संन्यस्त, म्हणून त्याच्या जागी योगदंड; नंदीध्वज हे त्याचेच प्रतीक. वधू ही त्याच्याच दुसऱ्या एका कथेतली कुंभारकन्या. दोघेही प्रत्यक्ष हजर नाहीत आणि वऱ्हाडी मात्र लाखांनी. ‘सत्यम सत्यम’चा घोष झाला की पांढऱ्या बाराबंद्यांच्या त्या गर्दीवर तांदूळ उडतात, तेव्हा कोण कुणाकडचा हे विचारायची सोयच राहत नाही. लोकविधीतली इतकी मोकळी कल्पना मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

तिसऱ्या दिवसापाशी मात्र मी अडतो. होमात कुंभारकन्येची प्रतिकृती अग्नीला दिली जाते. सिद्धरामाचे अंगण झाडणाऱ्या मुलीने त्याच्याशी लग्नाची इच्छा धरली. तिला मिळाला दंड, आणि दुसऱ्या दिवशी ज्वाळा. भक्तीचा उत्कर्ष म्हणून याचे वर्णन करणारे पुष्कळ आहेत. मला त्यात रस येत नाही, आणि तसे मी काकांना सांगितलेही. ते म्हणाले, “आमची आज्जी पण त्या टायमाला तोंड फिरवायची.”

या वाटेचा सर्वांत कडक समीक्षक तिच्या कर्त्याच्या काळातच येऊन गेला. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात प्रसंग आहे: अल्लमप्रभू सोन्नलगीला येतो आणि तळे खोदण्यात, देवळे बांधण्यात गुंतलेल्या सिद्धरामाची माती उपसणारा म्हणून टर उडवतो. शिष्य चिडून त्याच्यावर दगड टाकतात. पुढे सिद्धराम अल्लमाबरोबर बसवेश्वरांच्या कल्याणला जातो आणि चन्नबसवण्णांकडून अंगावर धारण करायच्या इष्टलिंगाची दीक्षा घेतो. अडुसष्ट स्थावर लिंगे बसवणारा माणूस स्थावराच्या पलीकडे गेला. सोलापूरच्याच जयदेवीताई लिगाडे यांनी त्याच्यावर कन्नडमध्ये महाकाव्य लिहिले. त्या 1974 साली मंड्याला भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, हा मान मिळालेल्या पहिल्या महिला. वचनांमधला सिद्धराम आणि या वाटेवरचा सिद्धराम असे दोन आहेत, आणि शहराने चालण्यासाठी वाटेवरचा निवडला.

अल्लमाची टीका मला पटते. दगडाला तेल लावून कुणी सुटत नाही. पण टीका ऐकून घेणाऱ्याने खोदलेले तळे बुजवले नाही, बसवलेली लिंगेही उपटली नाहीत, आणि त्याची समाधीही आहे त्याच तळ्यात. काठावर बसून मी हा सगळा वाद काकांपुढे मांडला. ते धोतराचा सोगा झटकत उठले. “अल्लमप्रभू मोठाच. पण बोलून कल्याणला गेला की. गावाला पाणी कुणी दिलं?” आणि पुढचे लिंग उन्हं चढायच्या आत गाठायचे म्हणून चालू लागले.