पृथ्वीच्या आयुष्याचें घड्याळ

सामान्य वाचकांसाठीं लिहिलेल्या शास्त्रीय ग्रंथाचें परीक्षण करतांना दोन प्रश्न विचारावे लागतात: ग्रंथकारानें सांगितलेली हकीकत खरी आहे काय, आणि ती सांगण्यासाठीं योजलेला दृष्टांत त्या हकीकतीस न्याय देतो काय? अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे पुराजीवशास्त्रज्ञ पीटर वॉर्ड व खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ब्राउनली यांचा ‘दि लाइफ अँड डेथ ऑफ प्लॅनेट अर्थ’ हा २००३ सालचा ग्रंथ पहिल्या कसोटीस बहुतांशीं उतरतो. दुसऱ्या कसोटीस मात्र तो उतरत नाहीं, असें आमचें मत आहे.

ग्रंथाचा विषय जीवसृष्टीचा अंत हा आहे. प्रलयाच्या कथा आपणांस नव्या नाहींत. परंतु येथें जीवसृष्टीवर प्रथम ओढवते ती उपासमार. पावसाचें पाणी हवेंतील कर्बाम्लवायु, म्हणजे आज सर्वजण ज्यास कार्बन डायऑक्साइड म्हणतात तो, शोषून किंचित् आम्ल होतें. तें खडकांस हळूहळू झिजवतें आणि विरघळलेला चुना व कर्ब नद्यांच्या वाटेनें समुद्रांत नेतें. तेथें शिंपले व सूक्ष्म जीव त्यांपासून आपलीं कवचें बांधतात. तीं तळाशीं सांचून त्यांचा चुनखडक होतो. भूकवचाच्या हालचालींत हा खडक पृथ्वीच्या पोटांत जाऊन भाजून निघतो, व त्यांतील वायु ज्वालामुखींवाटें पुन्हां हवेंत येतो. याचें उदाहरण पाहण्यास आमच्या वाचकांनीं दूर जावयास नको. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारसानें घडलेला सह्याद्रीचा काळा कातळ दर पावसाळ्यांत असाच झिजत असतो. देशावरची काळी माती ही त्या झिजेचीच शिल्लक होय.

या चक्राची खुबी अशी कीं, उष्णता वाढली म्हणजे झीज वाढते, हवेंतील वायु कमी होतो आणि पृथ्वी निवते. थंडी वाढल्यास याच्या उलट घडतें. वॉकर, हेज व कास्टिंग यांनीं १९८१ सालीं ही उपपत्ति मांडली. परंतु सूर्य दर १०० कोटि वर्षांत सुमारें १० टक्के अधिक तेजस्वी होत जातो. त्यास तोंड देतां देतां हवेंतील कर्बाम्लवायु कमी कमी होणार, आणि तोच तर वनस्पतींचा आहार! हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारें १५० भागहि उरले नाहींत, तर भात, गहूं व बहुतेक सर्व वृक्ष जगूं शकणार नाहींत. ज्वारी, मका व ऊंस हीं थोडक्यांत निभाव करणारीं पिकें कांहीं काळ अधिक तग धरतील. वनस्पतींमागून प्राणी जातील, अखेर सूक्ष्म जंतु तेवढे उरतील. म्हणजे जीवसृष्टि ज्या पायऱ्या चढून आली त्याच उतरून जाईल. हें सांगतांना ग्रंथकारांची लेखणी खरोखर खुलली आहे.

परंतु या ग्रंथाचा मुख्य दृष्टांत घड्याळाचा आहे. पृथ्वीचें १२०० कोटि वर्षांचें आयुष्य ग्रंथकारांनीं १२ तासांत बसविलें आहे. त्यांच्या मतें आतां पहांटेचे साडेचार वाजले आहेत. पांच वाजतां वनस्पति व प्राणी यांचा काळ संपेल, आठ वाजतां समुद्र आटतील, आणि बाराच्या ठोक्याला फुगलेला सूर्य पृथ्वीस गिळील. दृष्टांत सुटसुटीत आहे खरा. पण त्यांत जी निश्चिति भासते ती शास्त्राजवळ नाहीं. १९८२ सालीं लव्हलॉक व व्हिटफील्ड यांनीं वनस्पतींस सुमारें १० कोटि वर्षेंच दिलीं होतीं; या घड्याळांत तीं ६ मिनिटें होत. १९९२ सालीं कॅल्डेरा व कास्टिंग यांनीं ती मुदत ९० कोटि वर्षांपर्यंत नेली. पुढें २०२४ सालीं ग्रॅहम, हॅलेवी व ॲबट यांनीं असें दाखविलें कीं, खडकांची झीज उष्णतेवर मानली जाते तितकी अवलंबून नसेल, तर ही मुदत १६० कोटि वर्षांवर जाईल, आणि वनस्पति मरतील त्या उपासमारीनें नव्हे, तर उष्णतेनें! म्हणजे अंत पांच वाजतां नव्हे, सहा वाजून गेल्यावर. चक्र कसें चालतें हें कळणें निराळें आणि तें केव्हां थांबेल हें कळणें निराळें. हा भेद घड्याळानें पुसून टाकला आहे.

दुसरा दोष याहूनहि गंभीर आहे. जेथें एक मिनिट म्हणजे दीड कोटीहून अधिक वर्षें, तेथें मनुष्याचें बरेंवाईट कर्तृत्व दिसेनासें होतें. एखादा वाचक म्हणेल: पुढें कर्बाम्लवायूचा दुष्काळच पडणार, तर आज कोळसा जाळून तो वाढविला तर बिघडलें कोठें? ग्रंथकारांचें हें म्हणणें नव्हे. पण असल्या घड्याळाकडे पाहून असा विचार सुचणें अगदीं स्वाभाविक आहे, म्हणून त्याचें उत्तर देणें अवश्य आहे. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. जगांतील सर्व ज्वालामुखी मिळून वर्षाला जितका वायु सोडतात, त्याच्या सुमारें शंभरपट मनुष्य सोडतो. खडक तो पुन्हां शोषून घेतील. पण आपल्या गतीनें. सुमारें ५ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं असाच कर्ब हवेंत झपाट्यानें वाढला होता, तेव्हां पृथ्वी पूर्वस्थितीवर येण्यास दीड ते दोन लक्ष वर्षें लागलीं. कोट्यवधि वर्षांनंतरच्या दुष्काळासाठीं आजच्या उधळपट्टींतून कांहींएक शिल्लक राहणार नाहीं. आणि पृथ्वीचा हा संथ उपचार आमच्या नातवंडांच्याहि उपयोगीं पडणार नाहीं. दोन लक्ष वर्षें या घड्याळांत एका सेकंदाहूनहि कमी भरतात. परंतु त्या क्षणार्धांतच आपल्या शेंकडों पिढ्यांचीं शेतें, पाऊसपाणी आणि किनाऱ्यावरचीं गांवें यांचा निकाल लागावयाचा आहे.

एवढें असूनहि हा ग्रंथ घरांतील विद्यार्थ्यांच्या हातीं अवश्य द्यावा. त्यांतील कर्बचक्राचें विवरण त्यांनीं नीट समजून घ्यावें, आणि घड्याळ मात्र केवळ अलंकार म्हणून वाचावें. याच विषयावर, सह्याद्रीच्या कातळापासून आरंभ करून, कोणी अधिकारी लेखकानें मराठींत ग्रंथ लिहिल्यास आम्ही त्याचें मनापासून स्वागत करूं.