टाळ्यांनंतरचें गाणें

अपयश पुष्कळांस पचतें, यश क्वचितच. 'निर्वाणा' या अमेरिकन रॉक वाद्यवृंदाचे दोन अल्बम लागोपाठ ऐकतांना आम्हांस याची प्रचीति आली. १९९१ चा 'नेव्हरमाइंड' जानेवारी १९९२ मध्यें 'बिलबोर्ड'च्या यादींत अग्रस्थानीं गेला. त्याचा नाद घोटीव, कानांत सहज शिरणारा. तोच साचा पुन्हां वापरणें सोपें होतें. पण १९९३ च्या 'इन यूटेरो'साठीं या तिघांनीं स्टीव्ह अल्बिनी यांस ध्वनिमुद्रणास पाचारिलें, सुमारें दोन आठवड्यांत काम उरकलें आणि आवाजांतली खरखर तशीच राहूं दिली. पुढें दोन गीतांवर स्कॉट लिट यांनीं हात फिरविला. तेवढी तडजोड झालीच.

कर्कशता म्हणजेच प्रामाणिकपणा, हें मत आम्हांस मान्य नाहीं. यांतील कांहीं गीतें नुसताच गोंगाट वाटतात. परंतु 'ऑल अपॉलॉजीज'मधील चेलोची संथ साथ ऐकावी, म्हणजे हा ओबडधोबडपणा असमर्थाचा नव्हे, हें पटेल. एप्रिल १९९४ मध्यें गायक कर्ट कोबेन अकालीं निवर्तले. त्या शोकाच्या छायेंत या कृतीचें मोल ठरवूं नये. टाळ्यांकडे पाठ फिरविण्याचें धैर्य तिच्या सुरांतच आहे. आमच्या मतें 'नेव्हरमाइंड' अधिक गोड, 'इन यूटेरो' अधिक थोर.